टीव्हीवर कॉम्प्युटरची अक्षरं पिंजलेली का दिसतात: ४३ इंची ४के टीव्ही, आठ महिन्यांनंतर

कॉम्प्युटरचा मॉनिटर म्हणून वापरत असलेल्या या टीव्हीला पहिल्या महिन्यात दोन तारे दिले होते. आता चार देतोय. कापलेला एक तारा पॅनलसाठी (म्हणजे खुद्द पडद्यासाठी) नाही, मेन्यूसाठी आहे, आणि तो परत मिळणार नाही.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, ती इथे उतरवत बसत नाही. फक्त एक हिशेब करा. ४३ इंची ४के (३८४०×२१६०) पॅनलवर इंचाला साधारण १०२ पिक्सेल बसतात. ऑफिसातल्या साडेएकवीस इंची फुल एचडी (१९२०×१०८०) मॉनिटरवरही तेवढेच बसतात. म्हणजे तसले चार मॉनिटर, दोन वर दोन खाली, मधल्या पट्ट्या काढून. हिशेब इतका सरळ असताना अक्षरं कापसासारखी पिंजलेली दिसत असतील, तर पॅनलवर संशय घेण्याआधी बरंच काही तपासायला हवं. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने मात्र पाच मिनिटांत निकाल लावला: "भाऊ, टीव्ही आहे ते, मॉनिटर नाही. टीव्हीत असंच दिसते." वर पॅनल बदलायचं कोटेशन. वॉरंटीतल्या टीव्हीला कोटेशन कशाचं, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

आता मूळ रोग. सिनेमा झकास दिसतो, फोटो झकास दिसतात, पण एक्सेलच्या रंगीत खान्यातला मजकूर फुटतो, काळ्या अक्षरांना तांबूस-निळसर कड येते, आणि निळ्यावर लाल अक्षरं तर वाचताच येत नाहीत. ही लक्षणं एकत्र दिसली की समजायचं, रंगाची माहिती वाटेत गाळली जातेय. व्हिडिओच्या जगात हे सर्रास चालतं. प्रत्येक पिक्सेलचा उजेड पूर्ण पाठवतात, पण रंग मात्र दोन बाय दोनच्या चौकोनात मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. चेहरा, आभाळ, क्रिकेटचं मैदान यात डोळ्याला फरक कळत नाही. अक्षराची उभी रेघ एक-दोन पिक्सेलची असते. तिचा रंग शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडला की झालं. त्यात विंडोजचं क्लिअरटाइप अक्षरांच्या कडा मुद्दाम रंगीत करतं, त्यामुळे काळा मजकूरही सुटत नाही. कॉम्प्युटरला हवं ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग.

टीव्ही हे का करतो? ४के चित्र सेकंदाला ६० वेळा (म्हणजे ६० हर्ट्झवर), पूर्ण रंगात पाठवायला सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात. टीव्हीला कॉम्प्युटर ज्या केबलने जोडतो त्या एचडीएमआयच्या २.० आवृत्तीची मर्यादा १८. म्हणजे जेमतेम बसतं. पण हाच सिग्नल ४:२:० केला की निम्म्यावर, ८.९१ वर येतो आणि जुन्या एचडीएमआय १.४ च्या १०.२ मध्येही मावतो. जुने सेट-टॉप बॉक्स अडू नयेत म्हणून कंपन्या एचडीएमआयचं पोर्ट (केबल खोचायची जागा) 'स्टँडर्ड'वर ठेवून टीव्ही विकतात. कॉम्प्युटर बिचारा टीव्हीला विचारतो, टीव्ही सांगतो "६० हर्ट्झ हवे तर ४:२:०", आणि विंडोज मुकाट्याने तेच पाठवतं. रिझोल्यूशनमध्ये ३८४०×२१६० दिसतं, ६० हर्ट्झ दिसतं, आणि माणूस केबलला शिव्या देत बसतो.

पोर्टचं हे सेटिंग बऱ्याच टीव्हींत चित्राच्या मेन्यूत नसतं. म्हणून तो तारा कापला. या टीव्हीत ते जनरल, मग बाह्य उपकरणं, मग इनपुट मॅनेजर अशा तीन दारांआड आहे आणि नाव असं की त्याचा चित्राशी संबंध आहे हे कुणाला सुचू नये. एलजीच्या टीव्हीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगच्या 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीच्या 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' आणि त्यात 'एनहान्स्ड' निवडायचं. काही स्वस्त टीव्हींत याला 'एचडीएमआय व्हर्जन' किंवा 'ईडीआयडी' (टीव्ही कॉम्प्युटरला सांगतो ती स्वतःची ओळख) म्हणतात आणि १.४, २.० असे पर्याय देतात. बहुतेकांत मेख एकच: हे प्रत्येक पोर्टचं वेगळं असतं. पोर्ट २ वर चालू केलं आणि केबल पोर्ट १ मध्ये असली तर काहीच बदलत नाही.

एवढ्यावर काम अर्धंच होतं. ४:४:४ टीव्हीपर्यंत पोहोचलं तरी टीव्ही स्वतःच्या प्रक्रियेत ते परत चुरगाळू शकतो. त्यासाठी इनपुटला 'पीसी' करावं लागतं. एलजी आणि सॅमसंगमध्ये इनपुटच्या यादीत जाऊन एडिट करायचं. नुसतं नाव टाइप करून उपयोग नाही, यादीतलं पीसीचं चिन्ह निवडायचं. सोनीत पिक्चर मोड 'ग्राफिक्स' किंवा 'गेम'. पाटी बदलल्याने चित्र सुधारतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ती पाटी पाहूनच टीव्ही ठरवतो की समोर सिनेमा आहे की कॉम्प्युटर.

झालं का ते पाहायला विंडोजमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. 'कलर फॉरमॅट'समोर आरजीबी हवं. वायसीबीसीआर४२० (म्हणजे तेच ४:२:०) दिसलं तर बहुधा पोर्ट अजून स्टँडर्डवर आहे. तिथेच डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन असे दोन आकडे असतात. ते वेगळे असले तर विंडोज आधीच चित्र ताणून पाठवतंय. मग पेंटमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहा आणि चित्राचं झूम १०० टक्के ठेवा. प्रत्येक अक्षराची कड कात्रीने कापल्यासारखी दिसली तर काम फत्ते. अक्षर मखमलीसारखं वाटलं तर नाही.

केबलबद्दल मत बदललंय. आधी अठराशेची सोनेरी टोकांची केबल आणली होती. चारशेच्या दोन मीटर केबलने तेच चित्र दिलं. सिग्नल डिजिटल आहे, त्यामुळे वाईट केबलने चित्र मऊ किंवा फिकं होत नाही. ठिपके चमकतात, चित्र सेकंदभर काळं होतं, नाहीतर येतच नाही. धूसरपणावर केबल बदलणं म्हणजे पोटदुखीवर चष्मा. बॉक्सवर 'प्रीमियम हाय स्पीड'चं स्कॅन करता येणारं लेबल असलं आणि लांबी तीन मीटरच्या आत असली की पुरे. दहा मीटरची पातळ केबल भिंतीतून नेणार असाल तर मात्र ४के ६० ला ती दगा देण्याची शक्यता बरीच.

खरा चोर केबलपेक्षा मधला जोड असतो. यूएसबी-सी हब पाहा. बॉक्सवर मोठं '४के' असतं आणि बारीक अक्षरांत '३० हर्ट्झ'. माउस रबरासारखा ओढला जातोय असं वाटलं तर हेच. डिस्प्लेपोर्टवरून (कॉम्प्युटरचं दुसऱ्या जातीचं पोर्ट) एचडीएमआय करायचं असेल तर ४के ६० साठी ॲक्टिव्ह, म्हणजे सिग्नल स्वतः बदलून देणारा, ॲडॉप्टरच घ्या, साधा पॅसिव्ह चालत नाही. लॅपटॉपचं एचडीएमआयच १.४ असेल तर वाचन-लिखाणाला ४के ३० ठेवा. माउस जड वाटला तर १०८० (फुल एचडी) ६० हर्ट्झवर, कारण ते बरोबर दुप्पट होऊन बसतं. मधलं १४४० घेऊ नका, दीडपट ताणात अक्षरं पुन्हा पिंजतात. वायरलेस कास्टिंगचं तर नावच नको. तिथे चित्र दाबून व्हिडिओ करूनच पाठवतात.

दुसऱ्या महिन्यातली दुरुस्ती: ४:४:४ आल्यावरही अक्षरांभोवती पांढरी वलयं राहिली होती. ते शार्पनेसचं पाप. शार्पनेस तपशील वाढवत नाही, कडेला उजळ रेघ ओढतो. शून्य सगळीकडे बरोबर असतं असंही नाही; सोनीत ५० म्हणजे तटस्थ. काळ्या अक्षराच्या कडेला वलय दिसेनासं होईपर्यंत खाली आणा आणि अक्षर मऊ व्हायच्या आत थांबा. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, मोशन स्मूदिंग, वीज बचत, सगळं बंद. वीज बचत चालू असली की पांढरं पान उघडताच टीव्ही मंद होतो. नागपूरच्या दुपारी पडदे कितीही ओढले तरी खोलीत उजेड असतोच, त्यात तो मंदपणा फार जाणवतो.

कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धा दिसत असेल, तर तो ओव्हरस्कॅन. समजा फुल एचडी चित्राचं ५ टक्के कापलं, तर १९२० पैकी १८२४ उभ्या ओळी उरतात आणि त्या परत १९२० वर ताणल्या जातात. धूसर होणारच. टीव्हीत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा '१:१' निवडा. ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधली आकार लहान करायची पट्टी ओढू नका. तिने कडा दिसतात खऱ्या, पण चित्र दोनदा ताणलं जातं. एएमडीमध्ये ती पट्टी शून्यावर हवी.

काळं राखाडी दिसतंय किंवा अंधारातले तपशील बुडालेत? रेंजचा घोळ आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मोजायचे आकडे टीव्हीच्या जगात १६ ते २३५, कॉम्प्युटरच्या ० ते २५५. दोन्हीकडे एकच हवं. एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिझोल्यूशनच्या यादीत 'पीसी' गटातलं निवडा, टीव्हीवाल्या गटातलं नको; आउटपुट आरजीबी, रेंज फुल. मग टीव्हीची 'ब्लॅक लेव्हल' त्याला जुळती करा. विंडोजचं एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारा मोड) कामाच्या वेळी बंदच बरं, रंग धुतल्यासारखे होतात.

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही जोडून हेच सगळं करणाऱ्यांनी अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. तिथे पॅनलच १३६६×७६८ चं आहे. १०८० पाठवा, तो चिरडतो. ७२० पाठवा, तो ताणतो. टीव्हीने १३६०×७६८ घेतलं तरच अक्षर सरळ येतं. जुन्या टीव्हीत व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं पोर्ट) असेल तर या एका बाबतीत तेच बरं.

मे महिन्यात नवीन कटकट. लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, टीव्ही बंद. लाइट आली की कधी टीव्ही आपली ओळख नीट सांगत नाही आणि विंडोज खालच्या रिझोल्यूशनवर बसतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स नव्याने उठतं. नाही जमलं तर केबल काढून लावा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर मात्र या टीव्हीने पोर्ट परत स्टँडर्डवर नेला, पीसीची पाटीही पुसली. दोनदा. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, फॅक्टरी रीसेट करा.

नवा घेणाऱ्यांनी बर्डीत (नागपूरची बाजारपेठ) दुकानातला डेमो व्हिडिओ पाहून ठरवू नये, त्यात सगळेच टीव्ही सुंदर दिसतात. लॅपटॉप, स्वतःची केबल आणि ते निळ्यावर लाल अक्षरांचं चित्र घेऊन जा. दुकानदाराला पोर्टचं सेटिंग उघडून दाखवायला सांगा. त्याला सापडलं नाही तर रिमोट मागून घ्या. जनरलपासून सुरू करा, तिथे नसलं तरच पिक्चरच्या मेन्यूत शोधा.