बायनरी लँड की नट्स अँड मिल्क?

भाच्यानं विचारलं, “मामा, जुन्या टीव्ही-गेमवर मारिओ-काँट्रा सोडून काय खेळू?” आठवडी बाजारातल्या त्याच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलंय, मोजले तर वीसेक गेम, बाकी तेच ते. त्यातच हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीचे हे दोन गेम दडलेले होते. म्हणजे खर्चाचा प्रश्नच नाही.

नट्स अँड मिल्क १९८४ चा. आपण मिल्क; फळं गोळा करायची, नट्स नावाच्या शत्रूला चुकवायचं अन् मैत्रीण योगर्टच्या घरी पोचायचं. समजायला सोपा, पण उडी नेमकी पाहिजे. आमच्या रिमोटचं उडीचं बटण आतला रबर झिजल्यानं तीनदा दाबल्यावर एकदा लागते, त्यामुळे इथं जीव गेलाच समजा.

बायनरी लँड १९८५ चा, अन् डोक्याला खरा ताप हाच. दोन पेंग्विन एकाच वेळी चालतात, आरशातल्यासारखे: एक डावीकडं तर दुसरा उजवीकडं. दोघं सोबतच हृदयापाशी पोचले पाहिजेत. एक जाळ्यात अडकला तर दुसऱ्यानं येऊन फवारा मारायचा. (कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही!) उडी नाहीच, म्हणून झिजलेल्या रिमोटवरही निभते.

लाइट गेली की दोन्हीतली कमाई बुडाली.

रिमोट धड असेल अन् घरात लहान पोट्टे असतील तर नट्स अँड मिल्क. भाच्याला मी बायनरी लँडच लावून दिला. त्याला कोडी आवडतात, अन् रिमोट तसाही माझाच जुना आहे.