राहायला बेळगाव की खानापूर?

रानावनात भटकायची ओढ असेल तर खानापूर, असं बहुतेक जण डोळे झाकून सांगतात. मलप्रभा गावाला लागून वाहते, आणि तालुक्यातच भीमगड अभयारण्य. २०११ साली जाहीर झालेलं, बारापेडेच्या गुहांतल्या दुर्मिळ वटवाघळांचं घर. पण अभयारण्य म्हणजे मनात आलं की घुसायचं रान नव्हे. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात जळवा तर विचारूच नका!

बेळगावात रोजचं भागतं. सकाळी व्हॅक्सीन डेपो या शहरातल्या झाडीच्या आवारात फेरी, रविवारी सायकलवरून येळ्ळूरचा राजहंसगड. चढ दमवतो, पण वरून चौफेर शिवार दिसतं. गोकाकचा धबधबा मात्र लांब, दिवस मोडतो.

गंमत अशी, की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या घाटातल्या रानाच्या वाटेला बेळगावहूनच थेट रस्ता आहे. त्यासाठी खानापुरात बिऱ्हाड थाटायची गरज नाही. दोन्ही गावांत अंतर जेमतेम २५-३० किलोमीटर, रेल्वेही आहे. नोकरी, मुलांची शाळा बेळगावात असेल तर तिथंच राहा. निवृत्त असाल, नदीकाठ रोज हवा असेल, तर खानापूर. फक्त जूनपूर्वी छप्पर बघून घ्या.