शीर सापडत नाही: टॉर्च, व्हेन फाइंडर की सोनोग्राफी?

गॅस्ट्रोने सुकलेलं दीड वर्षाचं पोर, सलाईन लावायचंय, पण हात गुबगुबीत, शीर नावाला दिसत नाही. दोन प्रिक, म्हणजे सुई टोचायचे दोन प्रयत्न, वाया गेले की आई आपल्याकडे कशी बघते, ते कुठल्याही सिस्टरला विचारा. अशा दोन-चार रात्री गेल्या की वॉर्डातून मागणी जाते, ‘व्हेन फाइंडर घ्या.’ पण शीर शोधायची यंत्रं तीन जातींची आहेत आणि एकीचं काम दुसरीला जमत नाही.

पहिली जात टॉर्चची. बाळाच्या तळव्याखाली लाल-नारिंगी एलईडी धरला की हाताच्या पाठीवर शिरा काळ्या रेघांसारख्या उमटतात. काही हजारांत मिळतो. खोलीतला दिवा मंद करावा लागतो, कातडीला टेकत असल्याने दर पेशंटनंतर पुसावा लागतो, आणि मोठ्या माणसाच्या जाड हातावर त्याचा फारसा उपयोग नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मात्र याला तोड नाही. फक्त जुना हॅलोजनचा दिवा वापरू नका, नाजूक कातडी भाजते.

दुसरी जात म्हणजे व्हेन फाइंडर, जाहिरातीत दिसणारं, हातावर हिरव्या किंवा लाल उजेडात शिरांचं जाळं पाडणारं यंत्र. त्यातला इन्फ्रारेड किरण डोळ्यांना दिसत नाही. शिरेतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, आजूबाजूचं मांस परतवतं, आणि हा फरक कॅमेरा टिपून पुन्हा कातडीवर चित्र टाकतो. कातडीला स्पर्श नाही, सावळ्या रंगावरही चालतं. दोन शिरा जिथे मिळतात ती जागा नेमकी कळते, हा मोठा फायदा. चित्र जागच्या जागी बदलत असल्याने बोटाने शीर निपटून ती पुन्हा भरते का, हेही बघता येतं.

पण दिसतं ते जास्तीत जास्त सेंटीमीटरभर खोलीपर्यंतचं, आणि शीर किती खोल आहे हे चित्रावरून कळत नाही. सुई कुठे टोचायची ते समजतं, किती आत घालायची ते नाही. यंत्र तिरकं धरलं तर रेघ बाजूला सरकते. टॅटू, जुना व्रण, दाट केस, पायावरची सूज, सगळं आड येतं. आणि एक हात यंत्र धरण्यात गेला तर कातडी ताणणार कोण? स्टँड नसेल तर दुसरी सिस्टर लागते, आणि रात्रपाळीला ती कुठून आणायची?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. नव्या मुली रेघेवर विसंबतात आणि बोट लावायचं सोडून देतात. चांगली शीर बोटाखाली उसळते, केमोने कडक झालेली दोरीसारखी लागते. हा फरक रेघ सांगत नाही. लहान मुलांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या यंत्राने पहिल्याच प्रिकला लाईन मिळण्याचं, म्हणजे नळी शिरेत बसण्याचं, प्रमाण सरसकट वाढलेलं दिसलं नाही. फायद्याच्या खुणा दिसल्या त्या मुळातच अवघड शिरांच्या मुलांमध्ये.

तिसरी सोनोग्राफी. सुजलेला किंवा लठ्ठ हात, डायलिसिसचा पेशंट, वर्षानुवर्षं टोचून संपलेल्या शिरा, इथे तीच खरी. दाबल्यावर मिटते ती शीर, ठोके देते ती धमनी. खोली आणि रुंदी दोन्ही दिसतात. मात्र शीर खोल असली तर नेहमीची गुलाबी, सव्वातीन सेंटीमीटरची कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) शिरेत जेमतेम टोकच टेकवते. संध्याकाळपर्यंत लाईन आऊट, म्हणजे नळी शिरेबाहेर, आणि हात फुगलेला. त्यामुळे लांब कॅन्युला, प्रोबचं (हातावर फिरवायच्या दांड्याचं) कव्हर, निर्जंतुक जेल हा खर्च आलाच. दंडातली शीर धरताना शेजारी धमनी आणि मज्जातंतू (नर्व्ह) असतो, म्हणून शिकल्याशिवाय हात घालू नये.

परदेशात हे काम नर्सेसही करतात. आपल्याकडे अडतं कायद्यापाशी. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, ते चालवणारा पात्र डॉक्टरच हवा, आणि पोर्टेबल मशीनवर तर आणखी बंधनं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच कायदा केला, तेव्हा इथे तपासणीही कडक. म्हणजे सोनोग्राफी वॉर्डाच्या ट्रॉलीवर येणार नाही, ती भूलतज्ज्ञांसोबत येणार. इन्फ्रारेडच्या यंत्राला हा कायदा लागत नाही, कारण त्यातून गर्भ दिसतच नाही.

मग घ्यायचं काय? नवजात बाळं जास्त असतील तर टॉर्च, विचार करत बसू नका. मुलांचा वॉर्ड, केमोचा डे-केअर किंवा रक्त काढायचं काउंटर असेल तर स्टँडसकट इन्फ्रारेड. आयसीयू आणि डायलिसिस असेल तर यंत्राआधी रात्री बोलावता येईल असा भूलतज्ज्ञ आणि लांब कॅन्युलांचा साठा. वीस खाटांच्या जनरल हॉस्पिटलने मी म्हणेन आधी गरम शेक, हात खाली लोंबवणं आणि नियम नीट बसवावा: एका सिस्टरचे दोन प्रिक, मग दुसरी सिस्टर.

मुलांसाठी डिवा स्कोअर, म्हणजे शीर मिळणं किती अवघड आहे ते सांगणारी गुणांची यादी, वॉर्डात लावून ठेवा. शीर दिसत नाही २ गुण, हाताला लागत नाही २, वय एक ते दोन वर्षं १, वर्षाखाली ३, अपुऱ्या दिवसांचं ३. बेरीज ४ किंवा वर गेली तर पहिला प्रिक फसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा यंत्र आधीच मागवा. तिसऱ्या प्रिकनंतर आणलेलं यंत्र फुटलेल्या शिराच दाखवतं.

डेमोला आलेला विक्रेता नेहमी स्वतःचाच हात पुढे करतो, आणि त्याच्या शिरा दारातूनच दिसत असतात. त्याला वॉर्डात न्या, सुजलेल्या हाताच्या एखाद्या पेशंटची परवानगी घ्या आणि म्हणा, इथे दाखवा.