कमोडच्या बुडातून पाणी: पांढऱ्या सिमेंटला रामराम करून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

नऊ महिने मुद्दाम थांबलो. कारण सील (कमोड आणि जमिनीतला पाइप यांच्यामधली रिंग) बसवल्यावर आठ दिवसांत सगळेच "एकदम मस्त" लिहून मोकळे होतात आणि गळती सुरू होते ती नंतर. आमचं घर गोव्यात बोरीला, जुनं, बाथरूम मात्र नंतर बांधलेलं, साधं जमिनीवर बसवलेलं एस-ट्रॅपचं (म्हणजे घाण पाणी खाली जमिनीतल्या पाइपात सोडणारं) कमोड, बाहेर सेप्टिक टँक. फ्लॅटवाल्यांचं थोडं वेगळं असेल, पण सील तेच.

सुरुवात झाली गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. घरात अकरा माणसं, वापरायचं टॉयलेट एकच, आणि दुसऱ्या दिवशी कमोडच्या मागे टाइलवर पाणी. आईचं ठाम मत, कोणीतरी जेट नीट बंद करत नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं, आपल्याकडे बाथरूममध्ये पाणी सांडलेलं असणं काही नवल नाही. पण वास यायला लागला, आणि तो फिनेलने जाईना.

त्याआधी दोन वर्षांत तीनदा मेस्त्रीने कमोडच्या भोवती पांढरं सिमेंट भरून दिलेलं. दर वेळी "कांय जावचें ना, पात्रांव" (काही होणार नाही, मालक) म्हणून पाचशे रुपये घेऊन जायचा आणि चार-पाच महिन्यांत सिमेंटला केसाएवढी चीर पडायची. आता कळतं की सिमेंट गळती थांबवत नव्हतंच, झाकत होतं. घाण पाणी बुडाखाली साठून राहायचं, तिथून टाइलच्या खाली मुरायचं आणि आम्ही वरून कोरडं बघून खूश.

तर कोणाचं असं होत असेल त्यांनी आधी गळती नक्की कुठून आहे ते बघा, कारण अर्ध्या वेळा ती बुडातून नसतेच. मी जमीन पुसून कोरडी केली, अँगल कॉक, कनेक्शनची नळी, जेटची नळी, टाकीच्या खालचे बोल्ट, सगळीकडे टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर कोणाला फ्लश करू दिलं नाही. सकाळी सगळे कागद कोरडे. मग टाकीत कपड्यांची नीळ ओतली आणि तीन वेळा फ्लश केला. तिसऱ्या फ्लशनंतर मागच्या चिरेतून निळी रेघ टाइलवर आली, शाईच्या पेनाने ओढावी तशी. फ्लश केल्यावरच पाणी येतं आणि एरवी नाही, म्हणजे खालचं सील गेलं. सतत येत असतं तर मी कॉक नाहीतर टाकीचा वॉशर बघितला असता.

दिवाळी झाल्यावर मी आणि धाकटा भाऊ बसलो. मेस्त्रीला सांगितलं नाही, तो परत सिमेंटच घेऊन आला असता. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, आतलं उरलेलं पाणी स्पंजने काढलं, नळी सोडवली आणि हॅक्सॉच्या पात्याने सिमेंट कापत बसलो, यालाच दीड तास गेला. कमोड उचलायला दोन माणसं लागतातच, टाकीसकट असेल तर हट्ट करू नका, टाकी आधी काढा. गोणपाटावर आडवं ठेवलं आणि पहिलं काम, पाइपच्या तोंडात फडक्याचा बोळा. बोळ्याला सुतळी बांधा, आमचा पहिला बोळा भावाने नीट बसवला नाही आणि तो खाली गेला. मग सळीला हूक करून काढला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खाली काय होतं ते बघून बायको म्हणाली, आता मी माहेरी जाऊन येते. काळा चिखल, ओली रेती, स्क्रू गंजून आगपेटीच्या काडीसारखे बारीक झालेले, लाकडी गिट्ट्या कुजून भुसा. आणि खरं कारणही तिथेच होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही जुन्या मोझॅकवरच नवी टाइल घातली, त्यामुळे जमीन जवळपास इंचभर वर आली आणि पाइपचं तोंड होतं तिथेच राहिलं. म्हणजे कमोडचं खालचं तोंड पाइपापर्यंत धड पोचतच नव्हतं, मधली फट सिमेंटने भरलेली. कोणत्याही सिमेंटला काय दोष द्यायचा?

दोन दिवस पंखा लावून सुकवलं. (तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे, त्यांचे उपकार.)

आता सीलबद्दल. मेणाची रिंग की रबरी, यावर मी खूप डोकं खाल्लं. मेणाची स्वस्त असते आणि चांगली चालते पण एकदा दबली की परत फुगत नाही, बसवताना कमोड तिरकं टेकलं आणि परत उचललं तर ती फुकट, नवी आणा. आम्ही दोघे नवशिके, एका झटक्यात बसेल याची खात्री नाही, म्हणून फोमसारख्या रबराच्या, एकावर एक बसणाऱ्या दोन रिंगांचा सेट ऑनलाइन मागवला, चारशेच्या आसपास. फट जास्त होती म्हणून दोन्ही वापरल्या. पाइप ११० मिलीमीटरचा आहे का ते मोजूनच मागवा.

तक्रार एकच. पाकिटात लांब पितळी बोल्ट येतात ते आपल्या काहीच कामाचे नाहीत, ते जमिनीत फ्लँज (पाइपच्या तोंडावर बसवलेली कडी) असलेल्या घरांसाठी, आपल्याकडे कमोड सरळ जमिनीत स्क्रूने बसतं. म्हणून फोंड्याहून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि सिलिकॉनची ट्यूब आणली. साधे लोखंडी स्क्रू घेऊ नका, आपल्या दमट हवेत ते टिकत नाहीत हे डोळ्यांनी बघितलंय.

बसवताना रबराला साबणाचं पाणी लावलं, कमोड सरळ खाली टेकवलं, फिरवलं नाही, भाऊ वर बसला आणि मी स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे पिळले. जास्त जोर लावला तर चिनी माती तडकते आणि मग नवीन कमोडच. एका कोपऱ्यात डुलत होतं तिथे प्लास्टिकची पाचर ठोकली, कारण डुलणारं कमोड कुठलंही सील मारतं. परत नीळ, दहा फ्लश, कोरडं. त्यानंतरच सिलिकॉन, पुढून आणि बाजूंनी. मागे दोन इंच मुद्दाम मोकळं सोडलंय, म्हणजे परत गळलं तर तिथून दिसेल, खाली साठणार नाही. मेस्त्री नंतर दुसऱ्या कामाला आला तेव्हा त्याला हे अर्धवट काम वाटलं, म्हणाला मागचं मी भरून देतो. हात जोडले.

तर नऊ महिन्यांत काय झालं? डिसेंबर-जानेवारीत काहीच नाही, विसरूनच गेलो होतो. मार्चमध्ये परत वास आला आणि पोटात गोळा, पण तो कमोडचा नव्हता, मागच्या न वापरलेल्या न्हाणीच्या ट्रॅपमधलं, वास अडवणारं पाणी सुकलेलं. बादलीभर पाणी ओतलं, वास गेला.

खरी परीक्षा जूनमध्ये. पाऊस लागला की आमच्या सोक पिटच्या (टँकमधलं पाणी मुरायच्या खड्ड्याच्या) आजूबाजूची जमीन पाणी शोषतच नाही, सेप्टिक टँक काठोकाठ, फ्लश केला की कमोडमध्ये पाणी वर चढतं आणि हळूहळू उतरतं. घाबरून मी प्लंजर जोरात मारला आणि मागच्या मोकळ्या जागेतून चार-पाच थेंब आले. स्क्रू अर्धा-अर्धा वळसा आवळले, टँक उपसून घेतला आणि त्यानंतर आजपर्यंत टिपूस नाही. पण तो दोष रिंगचा नाही असं मी म्हणेन, प्लंजरने एवढा दाब दिल्यावर मेणाचीही हलली असती. ज्यांच्याकडे पावसात टँक भरतो त्यांनी आधी तो बघावा, सील नंतर.

दहापैकी आठ. एक मार्क सूचनांच्या कागदासाठी कापला, त्यावर नुसती चित्रं आणि तीही चुकीच्या प्रकारच्या घरांची, दुसरा त्या बोल्टांसाठी.

चवथ आता महिन्यावर आलीय, परत अकरा माणसं. ते बोल्ट अजून खिडकीत पडून आहेत, कोरे करकरीत पितळ, टाकवत नाही. परवा भाऊ म्हणाला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायला वापरूया. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो ताटातलं अर्धं जेवण टाकून उठला.