नागपुरातून लांबची केंद्रं टिपायची, तर हातातला रेडिओ की लॅपटॉपला जोडलेला एसडीआर?

दिवाळी आटोपली, संध्याकाळी गच्चीवर गारवा जाणवू लागला, की ओळखीतलं कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. मीडियम वेव्हवर लांबची केंद्रं टिपायला सुरुवात करायची आहे, पैसे एकदाच घालायचे आहेत, तर चांगला डीएसपी रेडिओ (सिग्नल आतल्या चिपवर आकड्यांत हाताळणारा) घेऊ की एसडीआर डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा यूएसबी रिसीव्हर, घेऊन लॅपटॉपला जोडू? विचारणाऱ्याला सिनपो (सिग्नलची प्रत आकड्यांत मांडायची पद्धत), क्यूएसएल (ऐकल्याची केंद्राकडून येणारी पोचपावती), दोन चॅनलांमधलं ९ किलोहर्ट्झचं अंतर हे सगळं ठाऊक असतं, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. कंपन्यांच्या नावांतही शिरत नाही. वाद प्रकाराचा आहे, नावाचा नाही. दोन्ही प्रकार मी वापरले आहेत. पण पुण्याच्या माणसाला जे उत्तर देता येतं ते नागपूरच्या माणसाला जसंच्या तसं देता येत नाही. त्याला कारण नागपूरजवळची बुटीबोरी आणि तिथला ट्रान्समीटर.

१९८८ साली आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल सुरू झालं ते इथूनच, १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॉटच्या ट्रान्समीटरवरून. जागा देशाच्या मध्यावरची, रात्री लहर चहूकडे जावी अशी. २०१९ च्या सुरुवातीला ते चॅनल बंद झालं. पण १५६६ चालू असतानाच्या रात्री ज्याने नागपुरात काढल्या आहेत त्याला विचारा, डायलचं वरचं टोक म्हणजे काय असतं ते. त्यात भर ५८५ वरच्या आपल्या नागपूर केंद्राची, ३०० किलोवॉटची. एक पट्ट्याच्या खालच्या टोकाला, एक वरच्या. मधे जे उरतं त्यात आपला छंद. माझी तुलना या दोन्ही लहरी हवेत असतानाच्या अनुभवावर बेतलेली आहे, हे आधीच सांगतो.

आधी एसडीआरची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. दिल्लीचं बातमीपत्र देशभरची केंद्रं सहक्षेपित करतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत ६५७ काय, ७३८ काय, ८०१ काय, सगळीकडे एकच आवाज. केंद्राची ओळख पटते ती बातम्या संपल्यावर, स्थानिक निवेदक तोंड उघडतो त्या काही सेकंदांत. हातातल्या रेडिओवर त्या क्षणी तुम्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर असता. जबलपूर मिळालं तर हैदराबाद हुकलं. एसडीआरवाला अख्खा पट्टा एकदम रेकॉर्ड करतो आणि चहा पीत पीत तेच अर्धं मिनिट प्रत्येक फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पुन्हा ऐकतो. वॉटरफॉलवर, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या पट्ट्याच्या चित्रावर, आवाज नसलेली, नुसती कॅरिअरची (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची) पुसट रेघही दिसते. दोन केंद्रं एकाच आकड्यावर असली तरी त्यांच्या कॅरिअरमध्ये काही हर्ट्झचा फरक असतो, तोही डोळ्यांना दिसतो. रेडिओ कितीही चांगला असला तरी हे त्याच्या बापाच्यानं होणार नाही. डिस्क तेवढी मोकळी ठेवा. अख्खा पट्टा आठ बिटांत साठवला तरी तासाला चौदा जीबीच्या आसपास जागा खातो.

एवढं असून माझा डोंगल आता खणात का पडून आहे, ते ९८१ मुळे.

९८१ ही रायपूरची फ्रिक्वेन्सी. अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे नवशिक्यालाही मिळायला हवं असं केंद्र. गच्चीवर लांब तार टाकून, डोंगल जोडून मी ९८१ लावलं की छान दणदणीत सिग्नल यायचा. वॉटरफॉलवर रेघ ठळक, अगदी बरोबर ९८१ वर. कान देऊन ऐकलं की मराठी निवेदन आणि त्याखाली हिंदी गाणं, दोन्ही एकदम. छत्तीसगढी कुठेच नाही. आता १५६६ मधून ५८५ वजा करून बघा. बरोबर ९८१ येतात.

स्वस्तातल्या डोंगलला अँटेनापाशी निवड करणारं सर्किट नसतं. तार जे आणेल ते सगळं आठ बिटांच्या एडीसीत (लहरीचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये) जातं, म्हणजे पूर्ण पट्टा एकाच वेळी २५६ पायऱ्यांत बसवायचा. दोन जबरदस्त लहरी आत शिरल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या बेरीज-वजाबाकीच्या जागी खोटी केंद्रं उगवतात. ५८५ ची दुप्पट ११७०, तिथे आणखी एक. अशी खोटी केंद्रं अधल्यामधल्या आकड्यांवर पडली असती, तर शिट्टी वाजून ओळखू तरी आली असती. पण आपल्याकडचे मीडियम वेव्हचे सगळेच आकडे नऊच्या पाढ्यातले, त्यामुळे ५८५ आणि १५६६ यांची वजाबाकीही नेमकी एका चॅनलवर जाऊन बसते. शिट्टी नाही, खरखर नाही, स्वच्छ आणि खोटं. गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरवला की ९८१ वरचं हे सोंग जातं, पण त्याबरोबर ६९३ वरचं ढाकाही जातं, कारण तेवढा बारीक सिग्नल मग सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली राहतो. वरातीतल्या बँडला खेटून उभं राहायचं आणि पलीकडच्या गल्लीतली कुजबुज टिपायची, असा तो प्रकार.

यावर उपाय नाहीत असं नाही. महागड्या रिसीव्हरांत चौदा बिटांचा एडीसी मिळतो आणि त्यात हा त्रास बराच कमी होतो असं वापरणारे सांगतात. मी तेवढा खर्च केला नाही, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. काहींत ‘एएम नॉच’ नावाची सोय असते. ती शॉर्ट वेव्हवाल्यांसाठी, कारण ती अख्खी मीडियम वेव्हच दाबते, म्हणजे आपलं ताटच उचलून नेते. नेमका १५६६ तेवढा गाळणारा ट्रॅप कॉइल आणि कंडेन्सर लावून घरी करता येतो. मी केला. १५६६ दबला, पण त्याच्या आजूबाजूचं वरचं टोकही दबलं. थायलंडहून १५७५ वर व्हॉइस ऑफ अमेरिका यायचं, त्यावर पाणी सोडावं लागलं.

जाणकार इथे म्हणतील, मग तार कशाला, एसडीआरलाच फिरता लूप (चौकटीवर तार गुंडाळून केलेला अँटेना) लाव. बरोबर आहे. लूप फिरवून बुटीबोरी दाबली की ९८१ वरचं खोटं केंद्र विरतं, हे मी पाहिलं आहे. अडचण वेगळीच निघते. लूप घरापासून दूर, गच्चीवर हवा. लॅपटॉप आणि त्याचा अडॅप्टर लूपपासून दूर, म्हणजे खाली हवा. मग फिरवणार कोण? मी खाली स्क्रीनकडे बघत ओरडायचो, ‘अजून थोडा, थोडा… मागे घे’, आणि वर पुतण्या थंडीत कुडकुडत चौकट फिरवायचा. त्याची परीक्षा जवळ आल्यावर तो प्रयोग संपला. लॅपटॉप बॅटरीवर चालवत वर नेऊन बसलो, तर यूएसबीच्या केबलमधूनच एक बारीक घरघर लूपमध्ये शिरायची. फेराइटचे मणी घालून ती कमी होते, जात नाही. कोणाच्या घरी जातही असेल.

आता हातातला रेडिओ. त्यात अँटेना म्हणजे आतली फेराइटची काडी. ज्या फ्रिक्वेन्सीवर तुम्ही असता तिथेच ती ट्यून होते, त्यामुळे ९८१ ऐकताना १५६६ दारातच बऱ्यापैकी अडतो. आणि काडीला दिशा असते. तिची टोकं ज्या बाजूला, तिकडचं सर्वांत कमी ऐकू येतं. बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर. रेडिओ दक्षिणोत्तर आडवा धरला की बुटीबोरी काडीच्या टोकाशी येते आणि दबते. त्याच वेळी पूर्व आणि पश्चिम पूर्ण उघडी राहते. आणि पूर्वेला काय आहे? रायपूर, कोलकाता, ढाका. जी केंद्रं नागपूरकराला पहिल्यांदा हवी असतात ती सगळी. नकाशा असा सोयीचा पडला आहे हे आपलं नशीब.

ही दबायची जागा फार अरुंद असते. आमच्या गच्चीच्या कठड्यावर मी खडूने एक रेघ मारून ठेवली आहे. रेडिओ त्या रेघेवर ठेवायचा, मग एक बोटभर इकडे, अर्धं बोट तिकडे. १५६६ ची भिंत खाली येत येत एका जागी एकदम ढासळते. जरा हात हलला की पुन्हा उभी. बुटीबोरीचा सिग्नल इतक्या जवळून जमिनीलगत येतो, म्हणून ती जागा रात्रभर हलत नाही. लांबच्या केंद्रांचं तसं नसतं. ते वरून, आयनांबराला आपटून येतात, त्यांना असं अचूक दाबता येत नाही. आपल्याला जवळचं दाबून लांबचंच ऐकायचं असतं, म्हणून हा गुण आपल्या पथ्यावर पडतो. कान आणि अँटेना एकाच माणसाच्या हातात असल्याचा फायदा इथे कळतो. स्क्रीन बघून कोणाला तरी सांगण्यात ते अर्धं बोट कधीच सापडत नाही.

रेडिओचे तोटेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. दक्षिणेच्या केंद्रांसाठी ही युक्ती उलटी पडते. हैदराबाद ७३८ वर आणि श्रीलंकेतल्या पुत्तलमहून ८८२ वर येणारं ट्रान्स वर्ल्ड रेडिओ, दोन्ही जवळपास बुटीबोरीच्याच रेषेत. त्यांच्यासाठी काडी पूर्व-पश्चिम करावी लागते आणि मग मेगावॉट समोरासमोर येतो. दुसरं, डीएसपी रेडिओंना बारीक सिग्नल आला की आवाज आपोआप दाबायची खोड असते. नेमकी उद्घोषणा व्हायची आणि आवाज खोल जायचा, हे दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येतं. लूप जवळ ठेवला की सिग्नल वाढतो आणि ही खोड बरीचशी सुटते. दोन फुटी लाकडी चौकट, तिच्यावर तारेचे नऊ-दहा वेढे, आणि जुन्या रेडिओतला, केंद्र लावायचा गँग कंडेन्सर. रेडिओ नुसता शेजारी ठेवायचा, वायर जोडायचीही गरज नाही. गँग आता नवीन सहज मिळत नाही. सीताबर्डीत एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो तर म्हणाला, ‘हाय ना भाऊ, पण भंगारात हात घालून तुम्हालेच पाहा लागन.’ घातला, मिळाला.

आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर कपाटात आहे, तोच काढू का, असंही काही जण विचारतात. काढा, आवाज त्याचा गोड असतो. पण ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या (रेडिओच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) त्या संचांत १५६६ ची खोटी प्रतिमा त्याच्या दुपटीने, ९१० ने खाली, म्हणजे ६५६ ला उतरते. शेजारी ६५७ वर कोलकाता. म्हणजे १ किलोहर्ट्झची सणसणीत शिट्टी, बंगाली बातम्यांच्या वर. डीएसपी रेडिओत ती नसते. दूरच्या गावचे रिसीव्हर इंटरनेटवरून चालवणं हा तिसरा मार्ग आहे, पण ती नोंद त्या गावची झाली, आपली नाही. मी तो धरतच नाही.

घरातला गोंगाट हा दोन्हींचा सामाईक शत्रू. एलईडी दिवे, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, शेजारचा इन्व्हर्टर. आपल्याकडे त्यात उन्हाळ्याचे चार महिने कूलर. मे-जूनमध्ये वळवाच्या विजांचा कडकडाट वेगळा. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. लाईट गेली की पट्टा क्षणभर असा निवळतो की वाटतं, आत्ता काहीही मिळेल. मग एकेका घरातले इन्व्हर्टर जागे होतात. अशा वेळी खिशातला रेडिओ घेऊन आवाज नसलेला कोपरा शोधत हिंडता येतं, लॅपटॉप घेऊन तेवढं जमत नाही.

तर, या दोन्ही लहरी हवेत आहेत असं धरून, कोणी काय घ्यावं? तुम्ही शहराच्या दक्षिण भागात, वर्धा रोडच्या आसपास राहत असाल, तर मला विचाराल तर आधी रेडिओ, मग लूप, आणि डोंगलचं पुढच्या हिवाळ्यात बघू. काटोल, रामटेककडे घर किंवा शेत असेल, तिथे रात्र काढता येत असेल, तर एसडीआरचा विचार जरूर करा. तिथे दोन्ही लहरी बऱ्याच मऊ झालेल्या असतात आणि बातम्या संपतानाचं ते रेकॉर्डिंग सोन्याच्या भावाचं ठरू शकतं. नोंदींचा पुरावा जपायची हौस ज्याला फार, त्यालाही एसडीआरच मानवेल. माझ्यासारख्याला वही पुरते. घाई मात्र करा, कारण मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होत आहेत आणि यादी दर हिवाळ्याला बदलते.

रेडिओ घेतलात तर पहिल्या संध्याकाळी ६५७ लावून बसा. कोलकात्याला सूर्य आपल्याआधी अर्धा तास तरी मावळतो, त्यामुळे इथे दिवेलागण होता होता बंगाली वर येऊ लागतं. नाही आलं तर रेडिओ दक्षिणोत्तर करून बोट-बोट फिरवा. तरीही नाही आलं तर खाली जाऊन टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद करा, नुसता रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने. घरच्यांची मालिका संपली असेल तर.