नवऱ्याची सही लागत नाही: सरकारी दवाखान्यातल्या गर्भपात सेवेचा माझा अनुभव

आधीच सांगते, दवाखान्याचं नाव लिहिणार नाही. जिल्हा पश्चिम महाराष्ट्रातला आहे आणि दवाखाना उपजिल्हा रुग्णालय आहे, बास. पण अनुभव सगळा लिहिणार आहे, कारण मला जेव्हा गरज होती तेव्हा मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत बसले आणि मराठीत कुणी काही लिहिलेलंच सापडलं नाही. हॉटेलचे, पार्लरचे, मिक्सरचे रिव्ह्यू पायलीचे पन्नास, पण दिवस राहिलेत आणि मूल नकोय तर जायचं कुठं, तिथं काय विचारतात, सही कुणाची लागते, हे कुणी लिहीत नाही.

मला दोन मुलं आहेत, मोठी सातवीत आणि धाकटा दुसरीत. तांबी बसवली होती पण अंगावरून फार जायचं म्हणून काढली, नंतर निरोधवर होतो, तरी पाळी चुकली. घरी टेस्ट केली, दोन रेघा. मिस्टर ट्रेलरवर ड्रायव्हर, तेव्हा गुजरातला मुंद्र्याच्या फेरीवर होते, फोनवर बोलणं झालं आणि दोघांचंही एकच मत पडलं की तिसरं नको. सोनोग्राफी केली, गुरुवार होता, सात आठवडे दोन दिवस.

पहिल्यांदा मेडिकलला विचारलं तर तो बघायलाच तयार नाही, म्हणे त्या गोळ्या आम्ही ठेवतच नाही. दुसऱ्या मेडिकलमध्येही तेच. नंतर कळलं की गर्भलिंग तपासणीविरुद्ध जी कारवाई झाली त्यात इकडच्या बऱ्याच मेडिकलवाल्यांनी भीतीनं हा माल ठेवणंच बंद केलं. आता तो 1994 चा कायदा वेगळा, लिंग तपासायला बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे, मला एक मुलगी आहे आणि मला त्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. पण गर्भपाताचा कायदा वेगळा आहे, 1971 चा, आणि तो गर्भपात करायला परवानगी देणारा कायदा आहे. सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर लिहिलेलं वाचून वाचून लोकांच्या डोक्यात दोन्हीची खिचडी झालीय, आणि ती खिचडी बाईला भोगावी लागते. तशाही त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्याच नसतात, मी घाबरून आधी मेडिकलला गेले ती माझी चूक.

मग जाऊबाईंना घेऊन गावातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला गेले. नाव नाही लिहीत. काउंटरवरच्या मुलीनं आठ हजार खर्च सांगितला आणि म्हणली मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागते. मी म्हणलं ते बाहेर आहेत, बारा दिवसांनी येणार. तर म्हणे मग बारा दिवसांनी या, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. आत डॉक्टरांना भेटू पण दिलं नाही. आता हिशेब बघा, सात आठवडे दोन दिवस अधिक बारा दिवस म्हणजे बरोबर नऊ आठवडे. गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवड्यांपर्यंतच. म्हणजे एका सहीसाठी, जी कायद्यात कुठंच मागितलेली नाही, माझा गोळ्यांचा मार्ग बंद होऊन पिशवी साफ करायची वेळ आली असती. त्या रात्री मी खूप रडले, आणि मिस्टर तिकडं ढाब्यावर गाडी लावून फोनवर म्हणत होते की व्हिडिओ कॉलवर हो म्हणतो, चालेल का विचार.

नाही, चालवायची गरजच नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लेखी संमती. हे 2021 ची नवी दुरुस्ती वगैरे नाही, 1971 पासून असंच आहे. त्यासाठी फॉर्म सी असतो, त्याच्यावर तुमचं नाव, वय, पत्ता आणि तुमची सही, संपलं. आणि लग्न झालेलं असो नसो. 2021 च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फेल गेल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' होतं ते काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' केलं, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की ठरावीक कारणांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांत गर्भपात करता येतो, त्या तरतुदीतून अविवाहित बाईलाही वगळता येणार नाही, आणि डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या जादाच्या अटी घालू नयेत. पन्नास वर्षांहून जुना कायदा आहे आणि काउंटरवर त्याची कुणाला खबर नाही.

उपजिल्हा रुग्णालयाचं आमच्या आशाताईंनी सुचवलं. सोमवारी गेले. आता मूळ रिव्ह्यू.

केसपेपर फुकट. ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. लाईन मात्र भरपूर, साडेनऊला उभी राहिले ते नंबर लागला बारा वाजता. उन्हाचं बसायला बाकडी कमी, गरोदर बायका जिन्यावर बसलेल्या, हे बघवत नाही.

आणि तिथली सगळ्यात वाईट गोष्ट इथंच झाली. सिस्टरनं दारातून सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "गर्भपाताची बाई कोण आहे?" पंधरावीस बायकांनी वळून बघितलं, त्यात एक आमच्याच गल्लीतली. कायद्यात बाईचं नाव आणि माहिती गुप्त ठेवायची सक्ती आहे, मोडली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सिस्टर वाईट नव्हत्या, कामाच्या घाईत होत्या हे मला दिसत होतं, तरी हे व्हायला नको होतं. नंबर पुकारा ना, काम का पुकारता.

आतल्या डॉक्टर मॅडम मात्र, काय सांगू. खुर्ची ओढून बसवलं, जाऊबाईंना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला एकटीला विचारलं की हा निर्णय तुझा आहे ना, कुणी जबरदस्ती करत नाही ना. हा प्रश्न मला प्रायव्हेटमध्ये कुणीच विचारला नव्हता, तिथं फक्त सही कुणाची एवढंच. मी मिस्टर बाहेरगावी आहेत म्हणायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं, म्हणल्या "तुझी सही पुरते." तीन शब्द, पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि ब्लडग्रुप. ग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, माझा पॉझिटिव्ह. मग पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं की गर्भ टिकवणारं जे हार्मोन असतं त्याला ही गोळी अडवते, आणि बुधवारच्या चार गोळ्या पिशवी आकुंचन पावायला लावतात. बुधवारी मला चार तास वॉर्डात झोपवून ठेवलं. दुखतं. पाळीपेक्षा पुष्कळ जास्त दुखतं, खोटं सांगणार नाही, दीड तास मी पलंगाची पट्टी धरून होते. पेनकिलर वेळेवर दिली, सिस्टर (तीच) दोनदा येऊन पोटावरून हात फिरवून गेली. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं: सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजले, ताप राहिला, किंवा घाण वास यायला लागला तर रात्र असो दिवस असो परत यायचं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

शेजारच्या पलंगावर एक ताई होत्या, एकविसावा आठवडा, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत मोठा दोष निघालेला. हवं असलेलं बाळ होतं ते. त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवणार होते. आता वीस ते चोवीस आठवड्यांत अशा कारणासाठी दोन डॉक्टरांचं मत पुरतं, आणि चोवीसच्या पुढं मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड. 2021 च्या आधी वीसच्या पुढं कोर्टच गाठावं लागायचं. 2008 ला मुंबईच्या निकेता मेहता हायकोर्टात गेल्या होत्या, बाळाच्या हृदयात दोष होता, कोर्टानं परवानगी नाकारली. त्या ताईंचा नवरा बाहेर व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून उभा होता आणि मला सारखं वाटत होतं की निदान ह्यांना वकील तरी शोधावा लागणार नाही.

तांबीवरून थोडं वाजलं. स्टाफमधल्या दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं की तांबीच्या कागदावर पण इथंच सही करून टाक, सगळे करतात. गर्भपात हवा असेल तर तांबी घ्यावीच लागेल अशी अट घालता येत नाही. मी म्हणलं मला तांबीनं काय त्रास झालाय ते मला माहितीय. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण मॅडमनी माझं ऐकलं आणि विषय पुढच्या भेटीवर ठेवला.

पंधराव्या दिवशी फॉलोअप, पिशवी साफ आहे बघितलं. तेव्हा मिस्टर आलेले, त्यांनीच पुरुष नसबंदीचं विचारलं. बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी सोडतात. पुढच्या महिन्याची तारीख घेतलीय.

खर्च म्हणाल तर दवाखान्यात शून्य, रिक्षा आणि पॅडचा काय तो. उपचाराला पाचपैकी पाच देते, डॉक्टर मॅडमना त्याहून जास्त. गोपनीयतेला दोन. प्रायव्हेटला जायचंच असेल तर आधी भिंतीवर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र बघा, ते दिसेल असं लावायची सक्ती आहे, नसेल तर उठून या. आणि सही मागितली तर फॉर्म सी दाखवा म्हणा.

बायकांच्या बाथरूमला आतून कडी नव्हती. बुधवारी मला जाऊबाईंना दार धरून उभं करावं लागलं, तशा अवस्थेत. मी अधीक्षकांच्या नावानं अर्ज लिहून दिला, त्यात पुकारण्याचं पण लिहिलं. पंधरा दिवसांनी गेले तर कडी बसवलेली होती. पुकारणं अजून तसंच आहे, दुसरा अर्ज देऊन आलेय.