ग्लार्जिन पेन, नऊ महिने: रोज सांडणाऱ्या दोन युनिटांचा हिशोब

पेनची ओळख करून देत बसत नाही. मधुमेहासाठीचं सावकाश चालणारं इन्सुलिन, 3 मिलीत 300 युनिट, रात्री एकदा, हे घेणाऱ्याला माहीतच असतं. मला लिहायचंय ते दोन युनिटांबद्दल. सुई लावली की टोचण्याआधी रोज दोन युनिट बाहेर सोडायची आणि टोकावर थेंब दिसला की मगच पुढे जायचं. फेब्रुवारीत 10 युनिटांवर सुरुवात झाली, तेव्हा दिवसाला बारा खर्ची पडायची आणि त्यातली दोन बेसिनमध्ये जायची. आता डोस 20 आहे, तरी 15 दिवसांचं पेन चौदाव्या दिवशीच अपुरं पडतं. पेन्शनमध्ये घर चालवणाऱ्याला हे खुपतंच.

म्हणून मे महिन्यात मी ते सोडणं बंद केलं. सुईही चार-चार दिवस तीच, पेनला लावूनच ठेवलेली. उपाशीपोटीची शुगर 118 वर स्थिरावली होती, ती 168, मग 181. औषध खराब निघालं असं धरून मेडिकलवाल्याशी भांडलो, कारण त्याने भर उन्हाळ्यात पेन बर्फाशिवाय हातात दिलं होतं. (ती तक्रार आजही कायम आहे. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांतच हवं.) घरी येऊन पेन उजेडात धरलं, तर काचेच्या नळीत हरभऱ्याच्या डाळीएवढा बुडबुडा. लावून ठेवलेल्या सुईतून हवा आत शिरते. मग बटण दाबलं की आधी हवाच दबते, औषध मागून रेंगाळत येतं आणि सुई काढल्यावर बाहेर टपकतं. माझ्या पोटावर तो थेंब रोज दिसत होता, मी पुसून टाकत होतो.

तेव्हापासून रोज नवी सुई, दोन युनिट सोडणं, आणि बटण दाबून धरून दहापर्यंत मोजणं. आठवडाभरात 124. दोन युनिटांवरचा राग निवळला. पण 10 युनिटवाल्याचा सहावा हिस्सा वाया जातो, त्याच्यासाठी छोटी सोय असायला हवी होती, हे माझं मत आहे.

खरा धडा आषाढी एकादशीला मिळाला. सकाळची ग्लिमेपिराइड, मधुमेहाचीच गोळी, नेहमीप्रमाणे घेतली आणि दिवसभर पाणी नि बिनसाखरेचा चहा. संध्याकाळी साडेपाचला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मीटरवर 54. बायकोने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी 83. मी बोट दाखवलं इन्सुलिनकडे. डॉक्टरांनी समजावलं ते असं: ग्लार्जिन त्वचेखाली बारीक कणांसारखं साकळतं आणि साधारण दिवसभर सावकाश विरघळतं. आपण काही खाल्लं नाही तरी यकृत साखर सोडत राहतं, तिला ते आवरतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषधही मुख्यतः यकृतावरच काम करतं. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, ताटात जेवण असो वा नसो. त्या दिवशी ताट रिकामं होतं.

तेव्हा जेवणानंतरची शुगर 230 येत होती, म्हणून मला ग्लार्जिन 26 वर न्यायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, सकाळची शुगर बरोबर आहे. हे वाढवलंत तर रात्री झोपेत खाली जाल. जेवणाचं काम याचं नाही." त्यांनी ग्लिमेपिराइड बंद करून सिटाग्लिप्टिन दिली. ती शुगर वर असेल तेव्हाच जोर लावते, आणि 2022 मध्ये पेटंट संपल्यापासून परवडते. रात्रीचा भात मी निम्मा केला. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, 8.1 वरून 7.5.

कार्तिकीला आधी फोन करून विचारलं, मगच उपवास धरला, तोही रताळं आणि ताक घेऊन. संध्याकाळी साडेपाचला मुद्दाम बोट टोचलं. 112.